पडदा कापला तरी जाडी १९ कशी? मायेक्टमीनंतरचा इको वाचताना

एचसीएमचं, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराचं, ऑपरेशन झालेल्या लोकांकडून मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारा प्रश्न म्हणजे, "ताई, पडदा कापला ना, मग रिपोर्टमध्ये जाडी अजून १९ कशी?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "आधी ईएफ ७२ होता, आता ६० आलाय, म्हणजे ऑपरेशनने हार्ट वीक झालं का?" पडदा म्हणजे हृदयाच्या डाव्या आणि उजव्या कप्प्यांमधली भिंत, तिची जाडी मिमीमध्ये मोजतात, आणि ईएफ म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो आकडा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, कारण रिपोर्टमध्ये हेच दोन आकडे ठळक छापलेले असतात आणि घरी गेल्यावर सगळं घर तेच धरून बसतं. मी इको करते, प्रोब धरायचा आणि मोजायचं हे माझं काम, औषधं ठरवणं माझ्याकडे नाही, पण या दोन आकड्यांपायी लोकांची झोप उडालेली इतक्यांदा बघितलीय की एकदा नीट लिहूनच टाकते. माझं म्हणणं एवढंच आहे की मायेक्टमी, म्हणजे हेच पडदा कापायचं ऑपरेशन, कितपत लागू पडली हे ज्या आकड्यांवरून कळतं ते वेगळेच आहेत आणि ते बिचारे रिपोर्टच्या खालच्या अर्ध्या भागात कुठेतरी बारीक अक्षरात पडलेले असतात.

आधी आजार थोडक्यात, माहिती असेल त्यांनी सरळ पुढे जा. एचसीएम, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे बीपी, झडपेचा आजार असं काही कारण नसताना हृदयाचा स्नायू जाड होणं. साधारण ५०० माणसांत एकाला असतो, बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. मोठ्या माणसात कुठेही १५ मिमी किंवा त्याहून जास्त जाडी दिसली की आम्ही एचसीएमचा विचार करायला लागतो, नॉर्मल पडदा दहाच्या आसपास किंवा त्याहून पातळ असतो. बऱ्याच जणांमध्ये ही जाडी नेमकी पडद्याच्या वरच्या भागात असते, जिथून रक्त महाधमनीकडे निघतं त्या तोंडाशीच. मग होतं काय, वाऱ्याच्या झोताने दार ओढलं जाऊन आपटावं तशी मिट्रल झडपेची (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप) पुढची पाकळी दर ठोक्याला त्या प्रवाहात ओढली जाते आणि पडद्यावर जाऊन टेकते. याला आम्ही लोक सॅम म्हणतो. पाकळी पडद्याला टेकली की पुढची वाट अडली, आणि पाकळी आपल्या जागेवर नाही म्हणून मागच्या कप्प्यात लीक सुरू. दम लागणं, छातीत दाब, जिना चढताना डोळ्यापुढे अंधारी हे सगळं बऱ्यापैकी या अडथळ्यामुळे आणि लीकमुळे असतं. पण सगळं नाही. स्नायू जाड तर असतोच पण कडकही असतो, नीट सैल पडत नाही, आणि हा कडकपणा सर्जनला कापून काढता येत नाही. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑपरेशनमध्ये सर्जन महाधमनी उघडतो, तिच्या झडपेतून आत जातो आणि पडद्याचा फुगलेला भाग डाव्या कप्प्याच्या बाजूने खरवडून, कापून काढतो. निघणारा स्नायू साधारण ३ ते १५ ग्रॅम. एवढंच! लोकांना वाटतं मोठा गोळा काढला असेल. हे ऑपरेशन रुळवलं ते अमेरिकेच्या एनआयएचमधल्या अँड्र्यू मॉरो यांनी १९६० च्या आसपास, अजूनही बरेच जण त्याला मॉरो प्रोसीजर म्हणतात, आणि दैव बघा, त्यांना स्वतःला हाच आजार होता आणि १९८२ मध्ये ते त्यानेच गेले. त्यांच्या वेळेपेक्षा आता सर्जन जास्त खोलपर्यंत, पॅपिलरी स्नायूंच्या (मिट्रल झडपेच्या दोऱ्या धरून ठेवणारे स्नायू) पातळीपर्यंत जातात, कारण वरचा थोडासाच भाग काढला तर अडथळा खाली सरकून तसाच राहतो हे अनुभवाने कळलं.

आता जाडी. सर्जनने काढलं काय, तर तोंडापाशी एक चर खणला. बाकीचा पडदा, बाजूची भिंत, टोकाकडचा भाग, तिथे त्याने हात लावलेला नाही आणि लावायचाही नसतो, कारण जास्त कापलं तर पडद्याला आरपार भोक पडू शकतं. त्यामुळे ऑपरेशननंतर मी प्रोब लावते तेव्हा छातीच्या बाजूने घेतलेल्या लांब व्ह्यूमध्ये पडद्याच्या वरच्या टोकाला चावा घेतल्यासारखी खाच दिसते, तिथे जाडी समजा ११, आणि दोन सेंटिमीटर खाली पुन्हा १९. रिपोर्टचा फॉरमॅट काय विचारतो? सगळ्यात जास्त जाडी. मग १९ छापलं जातं आणि घरात रडारड. वर आणखी एक, ती खाच म्हणजे अख्ख्या पडद्याभर खणलेला कालवा नसतो, एका ठराविक पट्ट्यात असते, प्रोबचा कोन जरा इकडेतिकडे झाला की खाचेच्या शेजारची न कापलेली कड दिसते आणि जाडी एकदम वाढलेली वाटते. म्हणून दोन सेंटरच्या दोन रिपोर्टमधला ३ मिमीचा फरक बघून "पुन्हा वाढलं" असा निष्कर्ष काढू नका. कापलेला स्नायू पुन्हा वाढून अडथळा होणं मोठ्या माणसात क्वचितच, आणि नंतर कधी अडथळा सापडलाच तर बहुतेक वेळा पहिल्या ऑपरेशनमध्येच स्नायू कमी काढला गेलेला असतो किंवा मधल्या भागातला अडथळा राहून गेलेला असतो.

खरं तर पहिली तपासणी ओटीतच होते आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. अन्ननलिकेतून प्रोब घालून केलेला इको, टीईई. पेशंट बायपास मशीनवरून उतरला, हृदय स्वतः धडधडायला लागलं की छाती बंद करायच्या आधी बघतात, सॅम गेला का, लीक किती उरलं, ग्रेडियंट, म्हणजे अडथळ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या प्रेशरमधला फरक, किती. काही ठिकाणी सर्जन डाव्या कप्प्यात आणि महाधमनीत सुई घालून दोन्हीकडचं प्रेशर थेट मोजतो. पण झोपलेल्या, भूल दिलेल्या माणसाचं हृदय शांत असतं, तिथे ग्रेडियंट कमी दिसणं काही मोठी गोष्ट नाही, म्हणून आयसोप्रेनालिनसारखं औषध देऊन हृदयाला मुद्दाम पळवतात आणि मग पुन्हा मोजतात. तेव्हाही आकडा एक अंकी राहिला की सगळ्यांचे चेहरे सैल होतात. राहिला नाही, सॅम अजून आहे, तर पुन्हा मशीनवर जाऊन आणखी थोडं कापायची वेळ तीच असते, नंतर नाही. शिवाय पडद्याला भोक तर पडलं नाही ना हे कलर डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या इकोवर, शोधतात. इथे एक गंमत आहे. कापलेल्या जागी पडद्यातल्या बारीक धमन्यांची तोंडं उघडी पडतात आणि त्यातून डाव्या कप्प्यात रक्ताची छोटी पिचकारी दिसते, नवख्याला वाटतं भोकच पडलं. पण भोकातून रक्त हृदय आकुंचन पावताना उजवीकडे जातं, आणि ही पिचकारी हृदय सैल पडताना डावीकडेच येते. वेळ बघितली की उलगडा होतो. या पिचकाऱ्या सहसा निरुपद्रवी असतात, बऱ्याच आपोआप बंदही होतात, तेव्हा रिपोर्टमध्ये "कोरोनरी फिस्च्युला, स्मॉल" असं काही दिसलं तर आधी डॉक्टरांना विचारा, मग टेन्शन घ्या.

डिस्चार्जच्या आधीचा इको हा माझ्या दृष्टीने अर्धामुर्धा इको. छातीवर ड्रेसिंग, हाड नुकतंच तारांनी बांधलेलं, पेशंटला डाव्या कुशीवर वळता येत नाही, श्वास रोखून धरता येत नाही, प्रोब जरा दाबला की माणूस कळवळतो, आणि त्यात नाडी ११० आणि हिमोग्लोबिन खाली. अशा वेळी घेतलेला ग्रेडियंट खरा मानायचा का? तर जपूनच. शरीरात पाणी कमी असेल, रक्त कमी असेल, हृदय जोरात पळत असेल तर आकडा फुगून येतो. त्या इकोचं खरं काम वेगळं आहे, हृदयाभोवती पाणी जमलंय का, फुप्फुसाशेजारी पाणी आहे का, कप्पे नीट आकुंचन पावतायत का, भोक नाही ना, एवढं बघून माणूस सुखरूप घरी पाठवायचा.

या इकोत हमखास लिहिलेलं एक वाक्य म्हणजे "पॅराडॉक्सिकल सेप्टल मोशन". म्हणजे पडदा उलटा हलतोय. भयंकर वाटतं वाचायला. पण छाती उघडून हृदयाचं कुठलंही ऑपरेशन केलं तरी हे बऱ्याच जणांत दिसतं, आणि मायेक्टमीत तर त्याला दुसरं कारणही आहे, डाव्या बाजूची विजेची वायर पडद्याच्या त्याच भागातून जाते जिथे कापलेलं असतं, त्यामुळे ऑपरेशननंतर ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक येणं खूप कॉमन आहे, आणि तो आला की पडद्याची आणि बाजूच्या भिंतीची वेळ जुळत नाही. बहुतेक जण त्यासकट छान जगतात. ज्यांची उजवी वायर आधीपासून ब्लॉक आहे त्यांचं मात्र वेगळं, डावीही गेली तर पूर्ण ब्लॉक होऊन पेसमेकर लागू शकतो, म्हणून ऑपरेशनच्या आधीचा ईसीजी फाइलमध्ये हवाच.

आता खरा इको. गाइडलाइनमध्ये सांगितलंय की प्रोसीजरनंतर ३ ते ६ महिन्यांनी इको करून निकाल बघा, आणि हा कालावधी शहाणपणाचा आहे, तोपर्यंत छातीचं हाड जुळलेलं असतं, रक्त भरून आलेलं असतं, माणूस कुशीवर झोपू शकतो आणि जोर लावू शकतो. या इकोमध्ये मी आधी काय बघते तर ग्रेडियंट, आणि तोही एकदा नाही.

ग्रेडियंट म्हणजे डावा कप्पा आणि महाधमनी यांच्यातला प्रेशरचा फरक, बीपी ज्या मापात मोजतात त्याच मापात. आम्ही प्रेशर थेट मोजत नाही, रक्ताचा वेग मोजतो आणि अठराव्या शतकातल्या बर्नुली साहेबांच्या समीकरणाचं सोपं रूप लावतो, वेगाचा वर्ग गुणिले ४. वेग सेकंदाला ५ मीटर असेल तर १००, ४ मीटर असेल तर ६४, २ मीटर असेल तर १६. वर्ग असल्यामुळे वेगातली छोटी चूक आकड्यात मोठी होऊन बसते. आणि इथे एक सापळा आहे, मिट्रलचा लीक आणि बाहेर जाणारा प्रवाह हे शेजारी शेजारी असतात, प्रोबची रेघ जरा सरकली की लीकचा वेग पकडला जातो. लीकचा वेग ५.५ असू शकतो, म्हणजे १२१! पेशंटचा खरा ग्रेडियंट असतो १५ आणि रिपोर्टवर १२१. ओळखायचं कसं, तर आकारावरून. अडथळ्याचा आलेख खंजिरासारखा असतो, हळूहळू चढत शेवटी शेवटी टोक काढणारा, आणि लीकचा आलेख लवकर चढतो, गोलसर असतो आणि जास्त वेळ टिकतो. ऑपरेशननंतर अचानक शंभराच्या वर ग्रेडियंट आला, पण माणूस मजेत आहे आणि चित्रात सॅम दिसत नाहीये, तर आधी हा आलेख कुणातरी अनुभवी माणसाला दाखवा.

झोपलेल्या अवस्थेतला आकडा हा तर फक्त सुरुवात. हा अडथळा स्थिर नसतो, माणूस उभा राहिला, पळाला, पोटभर जेवला, पाणी कमी प्यायला की वाढतो. ऑपरेशनच्या आधीही असंच ठरवतात, ३० च्या वर गेला तर अडथळा आहे असं म्हणतात, आणि ५० च्या वर, मग तो आराम करताना असो की जोर लावल्यावर, आणि औषधं घेऊनही त्रास जात नसेल तर ऑपरेशनचा विचार. मग नंतरही तीच परीक्षा घ्यायला नको का? मी नाक धरून, तोंड बंद ठेवून जोर लावायला सांगते, मग उभं करून मोजते, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ट्रेडमिल किंवा सायकलवर दमवून लगेच मोजते. जोर लावायला सांगितलं की ऑपरेशन झालेले लोक हमखास चोरी करतात, गाल फुगवतात आणि पोट ढिलंच, छातीचे टाके तुटतील अशी मनात भीती. ती चोरी मला स्क्रीनवर दिसते, वेग जराही बदलत नाही. म्हणून तुमच्या रिपोर्टवर "व्हाल्साल्वा" (याच जोर लावण्याचं नाव) हा शब्द आणि त्यापुढे वेगळा आकडा आहे का ते शोधा, नसेल तर विचारा. आणि त्या दिवशी बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी संथ ठेवणारी गोळी, घेतली होती की नाही हेही लिहून घ्या, गोळी घेऊन १० आणि गोळी बंद असताना १० यात फरक आहे.

दुसरी गोष्ट लीक. सॅममुळे होणारा लीक तिरका, मागे आणि बाजूला जाणारा असतो. पडदा मोकळा झाला, पाकळी ओढली जायची थांबली की हा लीक बहुतेकांचा झडपेला हातही न लावता गायब होतो, मला अख्ख्या प्रकारात सगळ्यात आवडणारं दृश्य हेच आहे, आधीच्या क्लिपमध्ये कप्पा भरून रंगांचा स्फोट आणि नंतरच्या क्लिपमध्ये जेमतेम एक रेघ. पण लीक सरळ मध्यातून किंवा पुढच्या बाजूला जात असेल तर संशय झडपेवरच, पाकळी लांब आहे, दोरी तुटलीय, काहीतरी वेगळं आहे, आणि असा लीक नुसता स्नायू कापून जात नाही. चांगले सर्जन हे ऑपरेशनच्या आधीच हेरतात.

ईएफकडे येऊ. एचसीएममध्ये डावा कप्पा आतून लहान आणि भिंती जाड, त्यामुळे दर ठोक्याला जवळजवळ रिकामाच होतो, ईएफ ७०, ७५ असा येतो आणि लोक अभिमानाने सांगतात. तो ताकदीचा पुरावा नाही. ऑपरेशननंतर कप्प्यात जागा होते, अडथळ्याविरुद्ध झगडा संपतो, पडद्याचा थोडा भाग गेलेला असतो, वायरची वेळ हुकलेली असते, या सगळ्याचा मिळून ईएफ जरा खाली येऊन ६०, ६५ वर स्थिरावतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. ५० च्या खाली गेला तर मात्र गंभीर, एचसीएममध्ये तो आकडा सरळ पुढच्या टप्प्याचा इशारा मानतात आणि उपचारच बदलतात. स्ट्रेन नावाचा, स्नायू स्वतः किती आखडतो ते सांगणारा, आणखी एक आकडा हल्ली बरेच जण छापतात, तो मायनसमध्ये असतो, निरोगी माणसात उणे १८ ते २० च्या आसपास, आणि एचसीएममध्ये ईएफ उत्तम असूनही उणे १३, १४ येतो कारण स्नायू मुळात आजारी असतो. ऑपरेशननंतर कापलेल्या भागाचा स्ट्रेन पडणारच, तिथे स्नायूच नाही तर आकुंचन कोण पावणार, पण बाजूच्या भिंतीवरचा बोजा उतरल्यामुळे तिचा सुधारू शकतो, म्हणून सरासरी जवळपास तीच आली तरी आतलं रंगीत गोल चित्र वेगळं असतं. एकट्या सरासरीवरून काही ठरवू नये असं मला वाटतं.

मला विचाराल तर सगळ्यात प्रामाणिक आकडा डाव्या वरच्या कप्प्याचा, लेफ्ट एट्रियमचा. ग्रेडियंट तासातासाला बदलतो, हा नाही बदलत. वर्षानुवर्षं दाब आणि लीक सोसून तो फुगलेला असतो, आणि बोजा खरंच उतरला असेल तरच महिन्या-महिन्याने आत येतो. शरीराच्या आकारमानाच्या हिशोबाने चौरस मीटरला ३४ मिलीपर्यंत नॉर्मल धरतात. आधी ५५ होता आणि वर्षाने ४२ आला तर तो नॉर्मल नाही म्हणून नाराज होऊ नका, ही खरी सुधारणा आहे. उलट तीन महिन्यांत हलला नाही म्हणूनही घाई नको. आणि अधूनमधून एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडणं) होत असेल तर तो फुगलेलाच राहू शकतो, मग त्याचा दोष मायेक्टमीला देता येत नाही. रिपोर्टमध्ये ई बाय ई प्राइम असाही आकडा असतो, कडकपणाचा अंदाज देणारा, तो ऑपरेशननंतर पडद्याच्या बाजूने मोजला तर दिशाभूल करतो, बाजूच्या भिंतीवरचा बघावा.

एमआरआय कधी? सगळ्यांना लगेच लागतो असं नाही. इकोत चित्र नीट दिसत नाही, टोकाकडे फुगवटा असल्याचा संशय आहे, त्रास आहे पण इकोत कारण सापडत नाही, किंवा आयसीडी (धोक्याची लय आली की आतून शॉक देणारं यंत्र) बसवायचा की नाही ठरत नाहीये, अशा वेळी त्याला तोड नाही. स्नायूचं एकूण वजन ग्रॅममध्ये तोच नीट सांगतो, आणि अडथळा गेल्यावर ज्या भिंतींना सर्जनने हातही लावला नाही त्या भिंतीही काही जणांत थोड्या पातळ होतात, ते एमआरआयवर स्पष्ट दिसतं. म्हणजे सगळी जाडी जनुकांची नव्हती, थोडी झगड्याची होती. गॅडोलिनियम हे एमआरआयचं कॉन्ट्रास्ट औषध देऊन जखमेचे डाग बघतात, डाव्या कप्प्याच्या वजनाच्या १५ टक्के किंवा त्याहून जास्त डाग असतील तर अचानक मृत्यूचा धोका वाढलेला धरतात. डाग ऑपरेशनने पुसले जात नाहीत. आणि इथे टक्केवारीची एक गंमत, समजा आधी १६० ग्रॅममध्ये १६ ग्रॅम डाग होता, म्हणजे १० टक्के. ऑपरेशननंतर वजन १३० वर आलं आणि डाग तेवढाच राहिला तर तो १२ टक्क्यांच्या वर गेला. डाग वाढला का? नाही, स्नायू कमी झाला. कागदावर मात्र "वाढ" दिसते. छातीतल्या तारांमुळे एमआरआय करता येत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, चित्रात पुढच्या बाजूला थोडे काळे ठिपके येतात इतकंच. आयसीडी किंवा पेसमेकर असेल तर तो एमआरआयला चालणारा आहे का ते आधी बघतात, आणि चाललं तरी चित्र खराब येऊ शकतं. किडनी बरीच खराब असेल तर गॅडोलिनियमबद्दल आधी बोला.

आता ज्यांना हे सगळं वाचूनही समाधान होणार नाही त्यांच्याबद्दल. ग्रेडियंट ८, लीक नावापुरता, ईएफ ६२, आणि तरी माणूस म्हणतो दम लागतोय. घरचे म्हणतात मनाचे खेळ. अजिबात नाही. तो कडकपणा आठवा, जो कापता येत नाही, शिवाय बीटा ब्लॉकरचा डोस आधीइतकाच जास्त ठेवलेला असेल तर नाडी चढतच नाही, मधूनच फिब्रिलेशन येत असेल, रक्त कमी असेल, किंवा वर्षभर घाबरून हालचालच केली नाही म्हणून हातापायांचे स्नायू मऊ पडलेत. यातलं बरंचसं माझ्या मशीनवर दिसत नाही. त्यासाठी होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र), रक्ततपासणी, तोंडाला मास्क लावून व्यायाम करवून घेणारी टेस्ट, असं बरंच काही आहे. उलटही बघितलंय, ग्रेडियंट अजून २८ आणि माणूस तीन मजले चढून बोलत बोलत येतो. अशा माणसाला आकड्यासाठी पुन्हा ओटीत न्यायचं नसतं.

पुढे सगळं ठीक असेल तर साधारण वर्षा-दोन वर्षांनी इको, त्रास वाढला तर आधीच. येताना नुसता कागद आणू नका, आधीच्या इकोची सीडी किंवा पेन ड्राइव्ह आणा, शक्यतो ऑपरेशनच्या आधीची पण, कारण कागदावरचा १९ कुठल्या कोनातून मोजला ते मला क्लिप बघितल्याशिवाय कळत नाही, आणि शक्य असेल तर दरवेळी एकाच ठिकाणी इको करा. सख्खी भावंडं, आई-वडील, मुलं यांचा इको आणि ईसीजी झाला नसेल तर तो करून घ्या, मोठ्यांना नॉर्मल आला तरी साधारण तीन ते पाच वर्षांनी पुन्हा, वाढत्या मुलांना त्याहून लवकर लवकर. आणि पेशंटमध्ये जनुकातला नेमका बदल सापडलेला असेल तर नातेवाइकांची तेवढ्या एका बदलाची तपासणी होते, ज्याच्यात तो नाही त्याला दर काही वर्षांनी माझ्याकडे येऊन छातीवर गार जेली लावून घ्यायची गरज उरत नाही.